पूर्णांकांचे त्रिकोण : सूची, दोरी आणि इष्ट

पायथागोरसचा सिद्धान्त मुळात कोणाचा, हा वाद आपल्याकडे अधूनमधून रंगतो. आम्हांला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसराच प्रश्न : काटकोन त्रिकोणाच्या तिन्ही बाजू पूर्णांकांत याव्यात असे माणसाला का वाटले, आणि त्या त्याने कशा शोधल्या?

दक्षिण इराकमधील 'प्लिम्प्टन ३२२' ही मातीची पाटी इ. स. पू. १८००च्या सुमाराची. तिच्यावर १५ ओळी आहेत. एका ओळीत लहान बाजू १२,७०९ आणि कर्ण १८,५४१. तिसरी बाजू भरते १३,५००. असे आकडे दोरीने मोजून सापडत नाहीत. त्यांमागे रीत असणारच. पण पाटी ती सांगत नाही, केवळ सूची देते.

शुल्बसूत्रांची निकड निराळी. यज्ञाची महावेदी पश्चिमेस ३०, पूर्वेस २४ आणि लांबीला ३६ पावले. काटकोन जराही चुकून चालत नाही. आपस्तंब ३६च्या दोरीला १८ जोडून ५४ची करतो आणि १५वर खूण करतो. दोरीची टोके ३६च्या अंतरावर बांधून खुणेशी ताणली की १५, ३६, ३९ असा त्रिकोण उभा राहतो. येथे पूर्णांक हे बांधकामाचे हत्यार आहे.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) रीतच बोलू लागते. भुज १२ असता, वर्गमुळाच्या फेऱ्यात न अडकणारे कोटी आणि कर्ण अनेक प्रकारे काढायचे आहेत. मनाला येईल ती 'इष्ट' संख्या घ्यावी. तिच्या दुपटीने भुजाला गुणावे आणि इष्टाच्या वर्गातून एक वजा करून त्याने भागावे, की कोटी मिळते. कोटीला इष्टाने गुणून भुज वजा केला की कर्ण. इष्ट २ असता १६ आणि २०; ३ असता ९ आणि १५; ५ असता ५ आणि १३. इष्ट ४ घेतल्यास ६.४ आणि १३.६ असे अपूर्णांक येतात. पण तिन्ही बाजू पाचपट केल्या की ६०, ३२, ६८!

सूची संपते, दोरी एका वेदीपुरती असते. रीत मात्र ज्याला समजली त्याची होते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. वारसा सांगायचा तर तो असा : अभिमानाच्या घोषणेने नव्हे, स्वतः एक इष्ट निवडून.