क्षार, पालाश आणि अणू : नगर जिल्ह्याच्या संदर्भात शालेय रसायन-परिभाषेचा विचार

माध्यमिक शाळेतील रसायनशास्त्राचा आरंभ मूलद्रव्य, संयुग, अणू, रेणू, आम्ल, आम्लारी व क्षार या मोजक्या संज्ञांनी होतो. त्यांची उजळणी म्हणजे व्याख्यांचे पुनःपठन, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु यांतील कित्येक शब्द आधुनिक रसायनशास्त्राहून पुष्कळ जुने आहेत, आणि वर्गात प्रवेश करताना ते आपला पूर्वार्थ बाहेर ठेवून येत नाहीत. या दृष्टीने अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचा अहमदनगर) जिल्हा विशेष अभ्यसनीय ठरतो. कारण तेथे ही परिभाषा शाळा आणि शेत अशा दोन वाटांनी लोकव्यवहारात शिरली.

पाश्चात्त्य रसायनशास्त्र मराठीत ग्रंथरूपाने अवतरले ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. हरि केशवजी पाठारे यांनी संवादरूपाने ते मांडले. पुढे बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) यांनी त्यास अधिक शास्त्रीय रूप दिले. खुद्द नगर येथे अमेरिकन मिशनने १८४२ साली सुरू केलेल्या 'ज्ञानोदया'त धर्मचर्चेबरोबर सृष्टिज्ञानासही स्थान होते. त्या काळच्या लेखकांपुढे दोन मार्ग होते : जुन्या संस्कृत शब्दास नवा अर्थ द्यावयाचा, अथवा परकीय नाव जसेच्या तसे घ्यावयाचे. १९६१ साली स्थापन झालेल्या केंद्रीय वैज्ञानिक शब्दावली आयोगाने मूलद्रव्यांची नावे आंतरराष्ट्रीय ठेवण्याचे तत्त्व स्वीकारले. पाठ्यपुस्तकांतही ऑक्सिजन, फॉस्फरस, पोटॅशियम ही नावे रूढ झाली. संकल्पनावाचक शब्द मात्र संस्कृतच राहिले. घोटाळ्याचे मूळ प्रामुख्याने तेथे आहे.

'अणू' आणि 'रेणू' ही जोडी घ्यावी. वैशेषिक दर्शनात परमाणू हा अंतिम घटक. दोन परमाणूंचे द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक. या त्र्यणुकालाच त्रसरेणू म्हणतात, आणि तो कवडशात तरंगताना डोळ्यांना दिसतो. मराठीने अणू हा शब्द मूलद्रव्याच्या लघुतम कणास दिला व संयुक्त कणास रेणू म्हटले. हिंदीने पहिल्यास परमाणु व दुसऱ्यास अणु म्हटले. त्यामुळे हिंदी पुस्तक हाती घेणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास अणू हा शब्द अकस्मात रेणूच्या अर्थाने भेटतो. शिवाय रेणू म्हणजे धूलिकण ही प्रतिमा शब्दातच असल्याने तो दृश्य असावा, असा ग्रह सहज होतो.

'क्षार' या शब्दाचा प्रवास याहून गुंतागुंतीचा आहे. सुश्रुतसंहितेत वनस्पतींच्या राखेपासून क्षार सिद्ध करण्याचा विधी आहे. तो दाहक पदार्थ आजच्या परिभाषेत आम्लारीधर्मी होय. हिंदीने हाच अर्थ राखला आणि आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेतून होणाऱ्या पदार्थास लवण म्हटले. मराठीने मात्र त्या पदार्थासच क्षार ही संज्ञा दिली. नगर जिल्ह्यात या भेदास प्रत्यक्ष भूमीचा आधार आहे. गोदावरी व प्रवरा यांच्या कालव्यांखाली, विशेषतः १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झाल्यानंतर, बारमाही पाणी आले. जेथे निचरा अपुरा होता तेथे जमिनी बिघडल्या. शेतकरी क्षारयुक्त आणि चोपण असा भेद करतो. पहिलीत विद्राव्य क्षारांचा संचय असतो. दुसरीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. चोपण जमिनीवर जो जिप्समचा उपाय केला जातो, ते जिप्समही क्षारच आहे. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम निचऱ्याच्या पाण्याबरोबर वाहून जातो. 'क्षार जमीन बिघडवतो' एवढेच ऐकलेल्या मुलास क्षारानेच जमीन सुधारते हे विसंगत वाटले, तर तो दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे.

तिसरे उदाहरण खताच्या पोत्यावरचे आहे. १९५० च्या सुमारास प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९६८ साली राहुरीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले. उसाबरोबर नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द घराघरांत पोहोचले. पालाश हा शब्द पलाशाशी, म्हणजे पळसाशी, निगडित आहे; आणि सुश्रुताने क्षारासाठी सांगितलेल्या वनस्पतींत पळस आहेच. ज्या राखेतून क्षार निघे, त्याच राखेत पोटॅशियमची संयुगे असतात. परंतु पोत्यावरील आकडा मूलद्रव्याचा नसतो. डीएपी खतातील ४६ टक्के स्फुरद म्हणजे फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबाने केलेली मोजणी. त्यात मूलद्रव्य फॉस्फरस सुमारे २० टक्केच. प्रत्यक्षात पोत्यात ते ऑक्साइडही नसते. अमोनियम फॉस्फेट असते. म्हणजे स्फुरद हा फॉस्फरसचा केवळ मराठी पर्याय नव्हे. ते व्यवहारातील एक परिमाण आहे.

या तिन्ही उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. विद्यार्थ्याच्या ज्या उत्तरास अज्ञान म्हटले जाते, ते पुष्कळदा दुसऱ्या परंपरेतील अचूक ज्ञान असते. तेव्हा मूलभूत संकल्पनांची उजळणी करताना व्याख्या पुन्हा सांगण्यापूर्वी तो शब्द घरी, शेतात आणि पोथीत कोणत्या अर्थाने नांदतो, हे विचारले पाहिजे. शब्द बदलण्याची गरज नाही; त्याच्या अर्थांच्या सीमा आखून देण्याची आहे. हे कार्य रसायनाच्या शिक्षकाचे तितकेच भाषेच्या अभ्यासकाचेही आहे.