मुंबईच्या नांवाचें विमान

पेण-रोह्याकडील माणसें पूर्वीं धरमतरच्या बंदरांतून आगबोटीनें मुंबई गाठीत. त्याच मुंबईचें नांव धारण केलेलें दोन एंजिनांचें एक विमान दुसऱ्या महायुद्धांत आफ्रिकेच्या वाळवंटावरून उडत होतें. ‘ब्रिस्टल बॉम्बे’ हें तें विमान.

त्याचें पहिलें उड्डाण २३ जून १९३५ रोजीं झालें. पंखांचा विस्तार सुमारें ९६ फूट, चाकें आंत न मिटणारीं, वेग ताशीं फार तर १९२ मैल. एकाच विमानानें २४ सैनिक वाहावे आणि प्रसंगीं २,००० पौंडांपर्यंत बाँबही टाकावे, असा दुहेरी हेतु त्याच्या रचनेंत होता. परंतु युद्ध पेटलें तेव्हां युरोपांतील चपळ लढाऊ विमानांपुढें त्याचा निभाव लागण्यासारखा नव्हता. बेलफास्ट येथें अवघीं ५० विमानें तयार झालीं.

इजिप्तमध्यें मात्र १९४० सालीं इंग्रजांपाशीं बाँबफेक्या विमानांची वाण होती. तेव्हां २१६ क्रमांकाच्या दळांतील ‘बॉम्बे’ विमानांनीं दिवसां माल वाहावा आणि रात्रीं बेनगाझी बंदरावर बाँब टाकावे, असा क्रम सुरू झाला. कांहीं बाँब तर वैमानिकांचे सोबती मालाच्या दारांतून हातांनीं खालीं लोटीत. सप्टेंबर १९४० मध्यें वेलिंग्टन विमानें आलीं आणि हें काम त्यांच्याकडे गेलें. नोव्हेंबर १९४१ मध्यें एस. ए. एस. पथकाचे छत्रीधारी सैनिक पांच ‘बॉम्बे’ विमानांतूनच भर वादळांत शत्रूच्या पिछाडीस उतरले. त्यांपैकीं निम्मेही परतले नाहींत.

याच वाळवंटांत मराठी सैनिकही लढत होते. जून १९४२ मध्यें तोब्रुक पडलें, तेव्हां मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण तेथें शत्रूच्या हातीं सांपडली. या पराभवानंतर चर्चिलनें आठव्या सेनेच्या सेनापतिपदासाठीं जनरल गॉट यांची निवड केली. ७ ऑगस्ट १९४२ रोजीं गॉट जखमी सैनिकांसह ‘बॉम्बे’ विमानांतून कैरोस निघाले. जर्मन लढाऊ विमानांनीं तें खालीं उतरण्यास भाग पाडलें, जमिनीवरही त्यावर गोळ्यांचा वर्षाव केला, आणि गॉट त्यांत मारले गेले. त्यांच्या जागीं माँटगोमेरी आले. अल् अलामीनचा विजय त्यांच्या हातून घडला.

१९४३ मध्यें उरलेलीं ‘बॉम्बे’ विमानें सिसिलींतून जखमींना वाहूं लागलीं. त्यांनीं टाकलेल्या बाँबांचा हिशेब थोडक्यांत आटपतो. परंतु त्यांच्या आधारानें दोन हजारांहून अधिक घायाळ माणसें रुग्णालयापर्यंत पोहोंचलीं. आज त्यांपैकीं एकही विमान शिल्लक नाहीं.