घरगुती विद्युतघटांचा सुरक्षित वापर

घरगुती विद्युतघटांचा सुरक्षित वापर या विषयात घड्याळे, रिमोट, खेळणी, विजेऱ्या, इन्व्हर्टर आणि बिनतारी हत्यारे यांत वापरल्या जाणाऱ्या विद्युतघटांची (सेल) हाताळणी, प्रभारण (चार्जिंग), साठवण व विल्हेवाट यांचा समावेश होतो. विद्युतघटात रासायनिक ऊर्जेचे विद्युत ऊर्जेत रूपांतर होते. त्यामुळे घटापासून संभवणारा धोका आणि त्याची घ्यावयाची निगा ही दोन्ही त्यातील रसायनांवर अवलंबून असतात. एका प्रकारच्या घटाला मानवणारी सवय दुसऱ्या प्रकाराला घातक ठरू शकते. उदाहरणार्थ, ‘बॅटरी पूर्ण उतरल्यावरच चार्ज करावी’ हा सल्ला निकेल-कॅडमियम घटांच्या काळात उपयोगी होता, पण लिथियम-आयन घटांचे त्याने आयुष्य घटते.

शास्त्रीय परिभाषेत एका एककाला ‘विद्युतघट’ व जोडलेल्या अनेक घटांना ‘विद्युत घटमाला’ (बॅटरी) म्हणतात. बोलीभाषेत मात्र ‘सेल’ म्हणजे घट आणि ‘बॅटरी’ म्हणजे अनेकदा हातातील विजेरी, असा अर्थ रूढ आहे.

इतिहास

इटालियन शास्त्रज्ञ आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १८०० मध्ये पहिली विद्युत घटमाला जाहीर केली. फ्रेंच अभियंता जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये जस्त व मँगेनीज डायऑक्साइड यांचा घट तयार केला, पण त्यातील द्रावण सांडत असे. जर्मनीत कार्ल गास्नर यांनी १८८६ मध्ये त्याला कोरड्या घटाचे (शुष्क घट) रूप दिले आणि घट घरात वापरण्याजोगा झाला. स्वीडनमधील वाल्देमार युंगनर यांनी १८९९ मध्ये निकेल-कॅडमियम घट शोधला. आजच्या अल्कलाइन घटाचा विकास लुईस अरी यांनी १९५० च्या दशकात केला. सोनी या जपानी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन घट बाजारात आणला. या घटाच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हत्यारांच्या बाबतीत, जर्मनीतील फाइन कंपनीने १८९५ मध्ये हातात धरून वापरण्याचे विजेचे ड्रिल बनवले. ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कंपनीने १९६१ मध्ये घटांवर चालणारे बिनतारी ड्रिल आणले. या हत्यारांत सुरुवातीला निकेल-कॅडमियम घट असत. २००५ च्या सुमारास लिथियम-आयन घट त्यांची जागा घेऊ लागले.

प्रकार

* झिंक-कार्बन घट : १.५ व्होल्ट. स्वस्त, भिंतीवरील घड्याळ व रिमोट यांसारख्या कमी विद्युतधारा लागणाऱ्या उपकरणांसाठी. पुन्हा प्रभारित होत नाही.
* अल्कलाइन घट : १.५ व्होल्ट. क्षमता अधिक, खेळणी, कॅमेरे यांसाठी. सामान्यतः पुन्हा प्रभारित करता येत नाही.
* निकेल-मेटल हायड्राइड घट : १.२ व्होल्ट. पेन्सिल सेलच्या आकारात मिळणारा, पुन्हा प्रभारित होणारा घट.
* लिथियम बटण घट : ३ व्होल्ट. गाडीच्या किल्ल्या, वजनकाटे, लहान रिमोट यांत. ‘सीआर २०३२’ या नावातील पहिले दोन अंक २० मिलिमीटर व्यास आणि पुढचे दोन अंक ३.२ मिलिमीटर जाडी दर्शवतात.
* लिथियम-आयन घट : ३.६ ते ३.७ व्होल्ट. भ्रमणध्वनी, पॉवर बँक, बिनतारी हत्यारे यांत.
* शिसे-आम्ल घट : २ व्होल्ट. असे सहा घट जोडून इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी बनते.

गळती आणि घटांची सरमिसळ

झिंक-कार्बन घटाचे जस्ताचे भांडे हाच त्याचा ऋण ध्रुव असतो. वीज देताना हे जस्त खर्ची पडते, भांडे पातळ होते आणि कालांतराने त्यास छिद्र पडून आतील आम्लधर्मी द्रावण बाहेर येते. अल्कलाइन घटातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड हे दाहक अल्कली पाझरते. हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याची पांढरी पूड बनते. घट संपल्यावर तो उपकरणात तसाच ठेवल्यास गळतीची शक्यता वाढते. म्हणून दीर्घकाळ न वापरायच्या उपकरणातून घट काढून ठेवतात.

गळतीचे डाग स्वच्छ करतानाही रसायन लक्षात घ्यावे लागते. अल्कलाइन घटाची पांढरी पूड व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजवलेल्या कापसाने पुसतात, तर झिंक-कार्बन घटाच्या आम्लधर्मी गळतीवर खाण्याच्या सोड्याचे पाणी वापरतात. दोन्ही वेळी हातमोजे आवश्यक असतात आणि डोळ्यांना हात लागू देऊ नये.

एकाच उपकरणात नवे व जुने किंवा वेगवेगळ्या प्रकारचे घट एकत्र घातल्यास अशक्त घट आधी रिकामा होतो. उरलेले घट त्याच्यातून विद्युतधारा ढकलत राहतात, त्यामुळे त्याचे ध्रुव उलटतात, आत वायू तयार होतो आणि घट गळतो. संपलेले सेल उन्हात ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आढळते. उष्णतेने रासायनिक क्रियेचा वेग वाढून घट थोडा वेळ चालल्यासारखा वाटतो, पण त्यात नवी ऊर्जा भरली जात नाही आणि गळतीचा धोका वाढतो. पुन्हा प्रभारित न होणारे घट प्रभारकात (चार्जर) ठेवल्यास ते फुटू शकतात.

९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचे दोन्ही ध्रुव एकाच बाजूस शेजारी असतात. खणात नाणी, किल्ल्या किंवा भांडी घासण्याची तारेची घासणी यांना ते टेकल्यास लघुपरिपथन (शॉर्ट सर्किट) होऊन आग लागू शकते. त्यामुळे अशा बॅटरीच्या ध्रुवांवर चिकटपट्टी लावून ठेवतात.

बटण घट आणि लहान मुले

घरगुती घटांपासून लहान मुलांना असलेला सर्वांत गंभीर धोका बटण घट गिळण्याचा आहे. विशेषतः २० मिलिमीटर व्यासाचा लिथियम घट लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो. तेथील ओलसर ऊतींमुळे विद्युत मंडल पूर्ण होते आणि पाण्याचे अपघटन सुरू होते. घटाच्या ऋण ध्रुवापाशी हायड्रॉक्साइड तयार होऊन ऊती अक्षरशः भाजतात. ही इजा होण्यास घट फुटावा किंवा गळावा लागत नाही. गंभीर इजा दोन तासांतही होऊ शकते. उपकरण चालवण्यास असमर्थ ठरलेल्या ‘संपलेल्या’ घटातही ही क्रिया घडवण्याइतके विभवांतर शिल्लक असते.

सुरुवातीची लक्षणे लाळ गळणे, खोकला, उलटी, खाण्यास नकार अशी साधी असल्याने निदानास उशीर होतो. क्ष-किरण चित्रात घट नाण्यासारखा दिसतो. मात्र त्याच्या कडेला दुहेरी वर्तुळ असते, आणि त्यावरून डॉक्टर तो ओळखतात.

घट गिळल्याची नुसती शंका आली तरी मुलाला त्वरित रुग्णालयात नेणे हाच उपाय आहे. उलटी करवू नये. नाणे गिळल्यावर केळी खाऊ घालून वाट पाहण्याचा घरगुती उपाय येथे घातक ठरतो, कारण त्यात मोलाचा वेळ जातो. अमेरिकेतील विषबाधा केंद्राच्या मार्गदर्शनानुसार, लिथियम घट गिळून १२ तास उलटले नसतील, मूल एक वर्षाहून मोठे असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर १० मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध देता येतो. मधामुळे इजेचा वेग कमी होतो, पण तो उपचाराला पर्याय नाही आणि त्यासाठी निघण्यास उशीर करू नये. एक वर्षाखालील बाळाला मध देत नाहीत. नाकात किंवा कानात घातलेला घटही तितकाच तातडीने काढावा लागतो.

ऑस्ट्रेलियात जून २०२२ पासून बटण घटांच्या उत्पादनांसाठी सुरक्षेची मानके सक्तीची झाली. अमेरिकेतही २०२२ मध्ये यासंबंधी कायदा झाला. घटाचे झाकण स्क्रूने बंद होणारे असणे किंवा ते उघडण्यास एकाच वेळी दोन हालचाली कराव्या लागणे, हे अशा नियमांचे मुख्य सूत्र आहे.

लिथियम-आयन घट

लिथियम-आयन घटातील विद्युत अपघटनी ज्वलनशील सेंद्रिय द्रव असतो. घट चेपला, भोसकला गेला, अतिप्रभारित झाला किंवा फार तापला, तर आतील क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करत जाते आणि ती थोपवता येत नाही. यातून निघणारा धूर विषारी असतो. फुगलेली बॅटरी वापरू नये, दाबू नये आणि तिला छिद्र पाडू नये.

प्रत्येक घट साधारण ४.२ व्होल्टपर्यंतच प्रभारित केला जातो. ही मर्यादा पाळण्याचे काम बॅटरीतील संरक्षक मंडल आणि योग्य प्रभारक करतात, म्हणून त्या बॅटरीसाठी नेमलेलाच प्रभारक वापरणे महत्त्वाचे असते. भारतात अशा घटांच्या सुरक्षेसाठी ‘आयएस १६०४६’ हे मानक आहे. शून्य अंश सेल्सियसखाली प्रभारण केल्यास आत धातुरूप लिथियम साचते. याउलट घट अतिशय खोलवर रिकामा झाल्यास आतील तांबे विरघळते आणि पुढील प्रभारणाच्या वेळी अंतर्गत लघुपरिपथनाचा धोका निर्माण होतो. दीर्घकाळ साठवायची बॅटरी साधारण अर्धी भरलेली ठेवतात. पत्र्याखालचा माळा किंवा उन्हात उभी केलेली गाडी या जागा साठवणीस अयोग्य असतात. विदर्भात उन्हाळ्यात सावलीतील तापमानही ४५ अंशांवर जाते आणि पत्र्याखाली ते त्याहून वाढते.

प्रभारण कठीण पृष्ठभागावर, घरात कोणी जागे असताना आणि बाहेर जाण्याच्या दारापासून दूर करतात, म्हणजे आग लागल्यास वाट अडत नाही. गादी किंवा उशीवर ठेवलेल्या बॅटरीची उष्णता बाहेर पडत नाही. आग लागल्यास घराबाहेर पडून १०१ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागवावी.

इन्व्हर्टरची बॅटरी

भारनियमनामुळे महाराष्ट्रातील अनेक घरांत इन्व्हर्टर आला. त्याच्या शिसे-आम्ल बॅटरीत गंधकाम्लाचे द्रावण असते. प्रभारणाच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो आणि हवेतील त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेल्यास तो पेट घेऊ शकतो. म्हणून ही बॅटरी हवेशीर जागी आणि देवघरातील दिवा, उदबत्ती किंवा शेगडीपासून दूर ठेवतात. पातळी खाली गेल्यास फक्त ऊर्ध्वपातित पाणी (डिस्टिल्ड वॉटर) घालतात. नळाच्या पाण्यातील क्षारांमुळे पट्ट्या खराब होतात. आम्ल अंगावर उडाल्यास ती जागा भरपूर पाण्याने धुवावी लागते.

विजेच्या हत्यारांची निगा

बिनतारी ड्रिलच्या १८ व्होल्ट बॅटरीत ३.६ व्होल्टचे पाच लिथियम-आयन घट एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण प्रभारित अवस्थेत त्यांचे विभवांतर २१ व्होल्टपर्यंत जाते, त्यामुळे अशीच बॅटरी काही ठिकाणी ‘कमाल २० व्होल्ट’ या नावाने विकली जाते. बिट किंवा डिस्क बदलण्यापूर्वी बॅटरी काढणे, तसेच तारेच्या हत्याराचा प्लग काढणे, हा सर्व हत्यारांना लागू असलेला पहिला नियम आहे.

विजेवर थेट चालणाऱ्या अनेक ड्रिल व ग्राइंडर यंत्रांत कार्बन ब्रश असतात. फिरत्या भागावर घासून ते झिजतात. जास्त ठिणग्या दिसणे, यंत्र अडखळणे किंवा जळका वास येणे ही ते बदलण्याची लक्षणे असून दोन्ही ब्रश एकदम बदलतात. ब्रशविरहित (ब्रशलेस) मोटारीत ही देखभाल नसते. हवा खेळण्याची छिद्रे धुळीने बुजल्यास मोटार तापते, म्हणून काम झाल्यावर ती कोरड्या ब्रशने किंवा हवेच्या फवाऱ्याने साफ करतात. मोटारीचे कवच ओल्या फडक्याने पुसत नाहीत. बोथट बिट यंत्रावर ताण आणते आणि बॅटरीही लवकर उतरवते.

ग्राइंडरच्या डिस्कवर कमाल फेऱ्यांची संख्या छापलेली असते. ती यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी असल्यास डिस्क फुटून तुकडे उडू शकतात. राळेने बांधलेल्या डिस्कला वापराची अंतिम मुदतही असते आणि दमट जागी तिची बांधणी कमकुवत होते. यंत्रावरील संरक्षक आवरण (गार्ड) काढून काम करणे आणि डोळ्यांना चश्मा न लावणे ही गंभीर अपघातांची नेहमीची कारणे आहेत. फिरत्या यंत्रांजवळ सैल बाह्या, ओढणी आणि कापडी हातमोजेही धोकादायक ठरतात.

गुंडाळलेली एक्स्टेंशन वायर जास्त भाराखाली तापते, म्हणून ती पूर्ण उलगडून वापरतात. चौकोनात चौकोन हे चिन्ह असलेल्या हत्याराला दुहेरी विद्युतरोधन असते व त्यास तिसरी, भूसंपर्काची पिन लागत नाही. ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच (आरसीसीबी) गळती होताच प्रवाह तोडतो आणि विजेच्या धक्क्यापासून संरक्षण देतो. कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात बिट, पाती आणि चक (बिट पकडणारा जबडा) यांना तेलाचा पातळ हात देऊन ती बंद पेटीत ठेवल्यास गंज टळतो.

वाहतूक आणि विल्हेवाट

विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या व पॉवर बँक हाताच्या सामानातच नेता येतात. सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-तासांची असून त्यापुढे १६० वॉट-तासांपर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. व्होल्ट व अँपिअर-तास यांचा गुणाकार म्हणजे वॉट-तास. म्हणजे १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांची बॅटरी ९० वॉट-तासांची, तर ६ अँपिअर-तासांची १०८ वॉट-तासांची ठरते.

भारतात २००१ चे बॅटरीविषयक नियम शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरते होते. ऑगस्ट २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत सर्व प्रकारच्या बॅटऱ्या आल्या आणि वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचे पुनर्चक्रीकरण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली. बॅटरीवरील फुली मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह ती साध्या कचऱ्यात टाकू नये असे सांगते. घंटागाडीत कचरा दाबला जाताना लिथियम बॅटरी चेपून पेट घेऊ शकते. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीतील कॅडमियम विषारी असते. घट फोडून आतील कार्बनची कांडी काढण्याचा मुलांचा खेळही आरोग्यास अपायकारक आहे. वापरलेले घट ध्रुवांवर चिकटपट्टी लावून, मुलांच्या हाती न लागणाऱ्या कोरड्या डब्यात साठवतात आणि संकलन केंद्राकडे सोपवतात.