७ जून १९१३ : संपकऱ्यांनीच मांडला संपाचा खेळ

अमेरिकेतल्या पॅटरसनच्या रेशीम गिरण्यांत दोनाऐवजी चार माग चालवण्याची सक्ती झाली आणि फेब्रुवारीत संप भडकला. ७ जूनला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजारावर संपकरी रंगमंचावर उभे राहिले. पत्रकार जॉन रीड दिग्दर्शक, पण नट गिरणीतलेच! संपाच्या काळात गोळीला बळी पडलेल्या मोडेस्टिनोची अंत्ययात्रा त्यांनी पुन्हा काढली. शवपेटीवर लाल कार्नेशनची फुलं वाहिली. गाणी सुरू झाली तसे प्रेक्षकही गाऊ लागले. किती धीराची माणसं ही! पण या खेळानं संपनिधीत भर पडण्याऐवजी तोटा झाला, पुढं संपही फसला. आपल्याकडेही, मुंबईच्या गिरणगावात, १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं आणि कामगारांची दुःखं डफावर आली.