मालकी निर्विवाद, तरी वकील हवाच

परदेशात घर घ्यायचे तर वकिलाची गरज नाही, हे मत अलीकडे नागपुरात बरेच ऐकू येते. मुलगा दुबईत किंवा लंडनमध्ये नोकरीला असतो, वडिलांच्या हाती निवृत्तीची रक्कम असते आणि घराचा विषय निघाला की कुणीतरी जाणता माणूस हे मत मांडतोच. ते उडवून लावण्यासारखे नाही, म्हणून आधी नीट मांडतो. आपल्याकडे वकील लागतो, कारण आपला कागद मालकीची हमी देत नाही. सातबारा महसुलासाठी, फेरफार नोंदीपुरता, आणि खरेदीखत नोंदवले तरी विकणारा खरा मालक होता हे त्यातून सिद्ध होत नाही. म्हणून वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च काढून घ्यायचा. इंग्लंडात किंवा दुबईत सरकारी दप्तरात ज्याचे नाव तो मालक. मग सर्च कसला आणि फी कशाची?

या मताचा पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूचा एक नोंदणी नियम रद्द केला. विकणाऱ्याची मालकी तपासणे हे दुय्यम निबंधकाचे कामच नाही, असे त्या निकालात स्पष्ट म्हटले आहे. याउलट दक्षिण ऑस्ट्रेलियात 1858 साली रॉबर्ट टॉरेन्स यांनी जी पद्धत आणली तिच्यात नोंद हीच मालकी. इंग्लंडची लँड रजिस्ट्री तर नोंद चुकून कुणाचे नुकसान झाल्यास भरपाईही देते. दुबईत 2006 पासून तसा नोंदणी कायदा आहे.

घोटाळा दुसऱ्या अर्ध्यात आहे. मालकी तपासणे हे वकिलाचे एकमेव काम, असे त्यात गृहीत धरले आहे. ते किती अपुरे आहे हे पाहायला महाराष्ट्र सरकारनेच केलेला परदेशी घराचा व्यवहार पुरे.

लंडनमधल्या 10, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये राहत होते. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री असताना, 2015 साली, राज्य सरकारने ते 30 लाख पौंडांहून अधिक किमतीला विकत घेतले आणि त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. दीक्षाभूमीच्या या शहरात त्याचा आनंद किती झाला असेल, हे सांगायला नको. सरकारच्या मालकीवर कुणी बोट ठेवले नाही. तरीही प्रकरण अडले. घर निवासी वापराचे होते आणि तिथे संग्रहालय सुरू झाले होते. काही शेजाऱ्यांनी वर्दळीबद्दल तक्रार केली. वापर बदलाची परवानगी मागितली गेली ती नंतर, आणि ऑक्टोबर 2018 मध्ये तिथल्या कॅम्डेन कौन्सिलने ती नाकारली. भागातले एक राहते घर कमी होते, हे कारण दिले. सरकार अपिलात गेले, सप्टेंबर 2019 मध्ये सार्वजनिक चौकशी झाली, दोन्ही बाजूंनी वकील उभे राहिले आणि मार्च 2020 मध्ये ब्रिटनचे मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी परवानगी दिली, तेव्हा विषय मिटला. निकाल आपल्या बाजूने लागला हे चांगलेच झाले. पण एका राज्याच्या सरकारला जे जड गेले, ते एका निवृत्त माणसाला किती जड जाईल?

गंमत म्हणजे हा धडा नागपूरकराला नवा नाही. बेसा-बेलतरोडीकडे प्लॉट पाहायला गेलेला माणूस दलालाला पहिला प्रश्न विचारतो तो 'आरएल, म्हणजे नियमितीकरणाचे पत्र, आहे का?' हाच. गुंठेवारीचा 2001 चा कायदा, 572 आणि 1900 अनधिकृत ले-आउटांचे भिजत घोंगडे या शहराने पुरते पाहिले आहे. खरेदीखत हातात, इंडेक्स-टूवर नाव आपले, आणि नियमितीकरणाचे पत्र नाही म्हणून घराचा नकाशा मंजूर होत नाही, असे किती तरी संसार इथे आहेत. मालकी वेगळी आणि त्या जागेवर काय करता येते हे वेगळे, हे ज्याला तोंडपाठ आहे तोच माणूस विमानात बसला की विसरतो. लंडनमधला फ्लॅट भाड्याने देता येईल का, लीजची किती वर्षे उरली आहेत, देखभालीचा खर्च कोण ठरवतो, ही उत्तरे मालकीच्या नोंदीवरून एक नजर फिरवून मिळत नाहीत. ती लीजच्या कलमांतून आणि कौन्सिलच्या दप्तरातून खणून काढावी लागतात.

'पण बिल्डरचा वकील सगळे करून देतो ना!' हे उत्तर ठरलेले असते. देतो, बिल्डरसाठी. जर्मनीत नोटरीशिवाय घराचा व्यवहारच होत नाही, पण तो नोटरी तटस्थ असतो; सौदा तुमच्या फायद्याचा आहे की नाही हे सांगणे त्याचे काम नव्हे. दुबईत बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाचे पैसे एस्क्रो खात्यात ठेवण्याचा 2007 चा कायदा चांगला आहे. मात्र ताबा लांबला तर काय, आणि तुमचा हप्ता चुकला तर भरलेल्या रकमेतले किती कापले जाईल, याबद्दल करारात काय लिहिले आहे ते तुमच्या बाजूने वाचणारा माणूस त्या टेबलावर तुमच्या वकिलाशिवाय दुसरा कुणीच नसतो.

वारशाचा मुद्दा तर सहसा निघतच नाही. दुबईत राहणारा हिंदू नागपूरकर मुलगा मृत्युपत्र न करता गेला, असे समजा. बायको आहे, दोन मुले आहेत, इकडे आई आहे. आपल्या 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत आईचा वाटा बायको-मुलांइतकाच. तिकडच्या बिगरमुस्लिमांसाठीच्या कायद्यात, जो फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे, साधारण नियम असा की निम्मे पत्नीला, निम्मे मुलांना. मुले असताना आईला काही नाही. मायदेशाचा कायदा लावा अशी मागणी वारसांना करता येते, पण ती करायची हे त्या आईला कोण सांगणार? ज्या माउलीच्या मुदत ठेवी मोडून तो फ्लॅट घेतला, तिचे नाव कुठेच नसावे, याला मी किरकोळ बाब मानत नाही.

पैशाची बाजू भारतातल्या माणसानेच पाहावी. एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. परदेशी घर विवरणपत्रात दाखवायचे राहिले, तर 2015 च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली 10 लाख रुपयांचा दंड बसू शकतो. लंडनच्या सॉलिसिटरला हे विचारू नका, आणि लंडनची लीज आपल्या जिल्हा न्यायालयातल्या ओळखीच्या वकिलाकडून वाचून घेऊ नका.

एक आक्षेप उरतो आणि तो वजनदार आहे: वकील चुकला तर त्याचे काय वाकडे होते? 14 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले, हे खरे. पण दिवाणी दाव्याचा मार्ग त्याने बंद झालेला नाही. शिवाय इंग्लंडात सॉलिसिटर फर्मला व्यावसायिक चुकांचा विमा सक्तीचा आहे. त्यांच्या चुकीने झालेले नुकसान वसूल करायला निदान एक जागा असते. बुकिंग घेणाऱ्या दलालाच्या बाबतीत असा भरवसा कोण देईल?

तेव्हा माझे म्हणणे एवढेच की मालकीची नोंद जिथे पक्की, तिथे वकिलाचे काम मालकीकडून वापर, करार आणि वारशाकडे सरकते. ते संपत नाही. आणि त्याला गाठायची वेळ इसार देण्याआधीची. इंग्लंडात दोन्ही बाजूंच्या सह्या झालेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत खरेदीदाराला मागे फिरता येते. हॉटेलातल्या प्रदर्शनात बुकिंग फॉर्मवर सही करून आलेल्याला ती मोकळीक मिळेलच असे नाही. फॉर्म घरी आणा, वकिलाला वाचायला द्या आणि मग पेन उघडा.