‘आहे का?’ विचारण्याची रीत

जावास्क्रिप्टमध्ये फंक्शन लिहिण्याआधी ते आहे का हे तपासायची सवय पडली ती ब्राउझरांच्या भांडणामुळे. १९९५मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी ही भाषा दहा दिवसांत उभी केली. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररमध्ये तिची स्वतःची आवृत्ती आणली आणि दोन्ही घरांत भांडी वेगवेगळी झाली. नेटस्केपमध्ये ‘डॉक्युमेंट.लेयर्स’, तर एक्सप्लोररमध्ये ‘डॉक्युमेंट.ऑल’. ब्राउझरचे नाव विचारून उपयोग नव्हता, कारण नेटस्केपसारखाच एक्सप्लोररही स्वतःला ‘मोझिला’च म्हणवत असे. म्हणून जाणत्यांनी ‘तू कोण?’ हे विचारणे सोडले आणि ‘तुझ्याकडे हे आहे का?’ असे विचारू लागले. एक्सप्लोरर ५.० मध्ये अॅरेला साधे ‘पुश’सुद्धा नव्हते, ते नाही हे कळले, की आपले जोडता येई. न घोषित केलेल्या नावावरही ‘टाइपऑफ’ चालवले तर एरर न येता ‘अनडिफाइन्ड’ असे उत्तर मिळते, या सोयीवर ही रीत उभी राहिली. २००९मध्ये रेमी शार्प यांनी अशा पुरवणीला ‘पॉलिफिल’ हे नाव दिले. ते ब्रिटनमधल्या पॉलिफिला या, भिंतीच्या भेगांत भरायच्या लांबीवरून घेतलेले आहे.

माझे म्हणणे असे, की ही तपासणी नावाची आहे, कामाची नाही, आणि तिथेच ती अपुरी पडते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! प्रोटोटाइप लायब्ररीचे उदाहरण पाहा. ‘गेटएलिमेंट्सबायक्लासनेम’ ब्राउझरमध्ये नसेल तरच ती आपले जोडत असे. तिचे फंक्शन अॅरे देई, आणि लोक त्यावर बिनदिक्कत ‘.ईच’ लावत. २००८मध्ये फायरफॉक्स ३ ने त्याच नावाचे फंक्शन दिले, पण ते ‘ईच’ नसलेली नोडलिस्ट देत होते. तपासणी ‘आहे’ म्हणाली, लायब्ररी बाजूला झाली आणि चालती पाने बंद पडली. अट चोख होती. प्रश्नच चुकला होता.

यावर कोणी म्हणेल, मग न तपासता सरळ आपलेच लिहावे. मूटूल्स या दुसऱ्या लायब्ररीने अॅरेसाठी ‘फ्लॅटन’ तसेच लिहिले होते. २०१८मध्ये याच नावाची अॅरे-मेथड भाषेत येऊ लागली, तेव्हा मूटूल्सवरची जुनी संकेतस्थळे बिघडली. ब्राउझरची मूळ मेथड ‘फॉर-इन’च्या फेरीत दिसत नाही, आणि तिच्यावर आपली लिहिली तरी हा गुण तसाच राहतो. त्यामुळे फेरी घालून मेथडी उचलणाऱ्या मूटूल्सच्या स्वतःच्या याद्यांना ‘फ्लॅटन’ मिळेनाशी झाली. म्हणजे न विचारणेही सुरक्षित नाही. ज्याचे वर्तन भाषेच्या मानकात ठरले आहे, तेवढ्यापुरतेच ‘आहे का?’ विचारावे; जे आपण स्वतः घडवले, त्याला आपले वेगळे नाव द्यावे. मूटूल्सच्या त्या जुन्या पानांसाठी भाषेच्या समितीला मात्र नाव बदलावे लागले, आणि २०१९च्या आवृत्तीत ती मेथड ‘फ्लॅट’ म्हणून आली.