आइसलंडचा रहवाल घोडा व ९८२ चा कायदा

आइसलंडच्या घोड्याविषयीं लिहिणारे बहुतेक ग्रंथकार एक विधान हटकून करतात. इ. स. ९८२ मध्यें तेथील आल्थिंग नामक सभेनें परदेशांतून घोडे आणण्यास मनाई केली व तेव्हांपासून ही जात हजार वर्षें निर्भेळ राहिली, असें तें विधान. कथा मोठी आकर्षक आहे. परंतु अस्सल कागद हाताळण्याची संवय असलेल्या वाचकास पहिला प्रश्न हाच सुचेल कीं, यास समकालीन आधार कोणता?

आल्थिंग सभा ९३० च्या सुमारास स्थापन झाली. त्या काळीं कायदा लिहिलेला नव्हता. एक अधिकारी तो मुखोद्गत ठेवून सभेपुढें म्हणून दाखवीत असे. कायद्याचें लेखन प्रथम १११७-१८ च्या हिवाळ्यांत सुरू झालें, असें आरी थोरगिल्सन या साक्षेपी इतिहासकारानें आपल्या 'इस्लेंडिंगाबोक' ग्रंथांत नमूद केलें आहे. 'ग्रागास' या नांवानें प्रसिद्ध असलेल्या या कायद्याच्या ज्या दोन मुख्य चर्मपत्री पोथ्या उपलब्ध आहेत, त्या तर तेराव्या शतकांतील. म्हणजे ९८२ चा ठराव झाला असें मानलें, तरी तो व उपलब्ध पोथ्या यांत पावणेतीनशें वर्षांचें अंतर पडतें. आमच्या मतें या सनास दंतकथेहून अधिक किंमत देऊं नये.

जात निर्भेळ राहण्यास कायद्यापेक्षां समुद्रच अधिक कारण झाला असावा. सुमारें ८७० ते ९३० या काळांत नॉर्वे व ब्रिटिश बेटें येथून वसाहतवाले उघड्या गलबतांतून आले. माणसें, गुरें, मेंढ्या व सामान यांच्या गर्दींत घोड्यांस जागा ती किती असणार! जीं थोडीं जनावरें तरलीं त्यांची पैदास बेटावर होऊं लागल्यावर असली जोखीम पुनः पत्करण्याचें प्रयोजनहि फारसें उरलें नाहीं.

हा घोडा उंचीनें अवघा १३० ते १४५ सेंटिमीटर. परकी मनुष्य त्यास तट्टू म्हणेल, पण तेथील लोकांस तें खपत नाहीं. हिवाळ्यांत त्याच्या अंगावर दाट दुहेरी लोंकर येते, आयाळ व शेपूट भरघोस असते, आणि पुष्कळ घोडे हिवाळाभर उघड्यावरच राहतात. परंतु त्याची खरी मोहिनी चालींत आहे. साधी चाल, दुडकी व धांव यांखेरीज त्यास 'त्योल्ट' नांवाची एक चाल उपजत येते. आपल्याकडे जिला रहवाल म्हणतात त्याच कुळीची ही चाल होय. चारहि पाय एकामागून एक पडतात, निदान एक खूर सदैव जमिनीस टेकलेला असतो, त्यामुळें स्वारास हिसका म्हणून बसत नाहीं. लाव्ह्याच्या खडबडीत मुलखांत दिवसचे दिवस खोगिरावर काढणारास हिचें मोल सांगावयास नको. कांहींना एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकण्याची 'स्केइद' ही शर्यतीची चालहि येते.

या चालीचें मूळ एका विशिष्ट जननबीजाच्या फेरबदलांत आहे, असें २०१२ मध्यें सिद्ध झालें. पुढें २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत तोच फेरबदल इंग्लंडांतील यॉर्क येथें मिळालेल्या सुमारें ८५० ते ९०० मधील घोड्यांच्या हाडांत, तसाच आइसलंडांतील नवव्या ते अकराव्या शतकांच्या हाडांत आढळला. तेव्हां रहवाल घोडे ब्रिटनमधून बेटावर गेले असावेत, या तर्कास बळकटी येते. येथें हाडांनीं जें सांगितलें, तें पोथ्यांत कोठेंहि नव्हतें.

पोथ्यांत सांपडते ती घोड्याची योग्यता. 'लांडनामाबोक' या वसाहतींच्या बखरींत एक गोष्ट आहे. जनावरें भरून आलेल्या एका गलबतांतून उतरलेली तरुण घोडी रानांत नाहींशी झाली. थोरिर दूफुनेफ नामक मनुष्यानें ती सांपडण्याची केवळ आशाच विकत घेतली, आणि घोडी त्यास सांपडली. तिच्या वेगावरून तिचें नांव फ्लूगा पडलें. ती ज्या दलदलींत बुडाली त्या ठिकाणास आजहि फ्लूगुमीरी म्हणतात. त्याच ग्रंथांत स्काल्म नांवाची घोडी ओझ्यासह जेथें बसली तेथें घर बांधल्याची हकीकत आहे. 'ह्राफ्नकेल्स सागा' मध्यें तर फ्रेयफाक्सी या देवास वाहिलेल्या घोड्यावर बसल्यामुळें एका गुराख्याचा जीव गेला व त्यांतून मोठें वैर माजलें. या गोष्टी अक्षरशः खऱ्या मानण्याचें कारण नाहीं. पण घोड्याचें नांव, कूळ व अंत जपून ठेवणारा समाज कसा होता, हें त्यांवरून कळतें.

१७०३ च्या शिरगणतींत बेटावर सुमारें पन्नास हजार माणसें होतीं, व त्याच वेळच्या पशुगणनेंत घोडे सत्तावीस हजारांच्या आसपास, म्हणजे दोन माणसांमागें एकाहून अधिकच. त्याच सुमारास जमीनमोजणीच्या कामावर आलेल्या आर्नी माग्नुसन या थोर संग्राहकानें गांवोगांव फिरून चर्मपत्री पोथ्या जमविल्या. चाकांचे रस्ते तेथें नव्हते. त्याचें फिरणें घोड्यावरूनच. १७२० मध्यें त्याचे जे ५५ पेटारे कोपनहेगनकडे रवाना झाले, तेहि बंदरापर्यंत घोड्यांच्याच पाठीवरून गेले. हा प्रवास हस्तलिखितांच्या इतिहासकारांनीं अधिक लक्षांत घ्यावा, असें वाटतें.

१७८३ च्या जून महिन्यांत लाकी येथें पृथ्वी फाटली. विषारी राखेनें गवत दूषित होऊन निम्मे किंवा त्याहून अधिक घोडे मेले. माणसांपैकीं पंचमांश दगावलीं. आजचे घोडे त्या उरलेल्यांचे वंशज होत.

घोडा आणण्याची बंदी आज खरोखरच आहे, आणि तिला लेखी आधारहि आहे. बेटाबाहेर गेलेला घोडा पुनः आंत घेत नाहींत. वापरलेल्या खोगिरासहि मज्जाव असतो. कारण मुख्यतः रोगाचें. २०१० मध्यें बाहेरून आलेल्या एका खोकल्याच्या सांथीनें देशांतील बहुतेक घोडे आजारी पडले, निर्यात थांबली, आणि त्या वर्षींचा राष्ट्रीय अश्वमेळा पुढील वर्षावर ढकलावा लागला.